कुर्डुवाडीचा एक फूट: जुन्या रेल्वेच्या मॉडेलसाठी छोटं दृश्य कसं उभं करायचं

मॉडेल रेल्वे म्हटलं की खोलीभर पसरलेलं टेबल, बोगदे, बर्फाचे डोंगर आणि गोल गोल फिरणारी जर्मन गाडी डोळ्यांसमोर येते. आपल्या घरांत तेवढी जागा नसते आणि सोलापूर जिल्ह्यात बर्फाचे डोंगर तर नाहीतच. हा लेख आपल्याच भागातल्या जुन्या रेल्वेचा फूट-दीड फुटाचा तुकडा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुकडा छोटा, पण बघणाऱ्याला गाव आणि काळ ओळखता आला पाहिजे. असे तुकडे सुटे करत जायचे आणि पुढे हवे तर जोडून लेआउट (रूळ-दृश्यांची सगळी मांडणी) वाढवायचा.

उदाहरण म्हणून मी कुर्डुवाडी घेतलं आहे, साल १९३५, महिना एप्रिल. मुंबईहून आलेली जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) रुंद रुळांची ब्रॉडगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची नॅरोगेज इथे शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि एका डब्यातला माल दुसऱ्या डब्यात हमाल डोक्यावरून न्यायचे. तुम्ही होटगीची मीटरगेज घ्या किंवा सोलापूरच्या गिरणीतली सायडिंग (मुख्य रुळापासून फुटलेला बाजूचा रूळ) घ्या, पायऱ्या त्याच राहतात.

१. आधी साल ठरवा, जमलं तर महिनाही

नवखा माणूस इंजिन आधी विकत घेतो आणि साल नंतर शोधतो. इथेच गाडी रुळावरून घसरते. साल ठरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

काही खुणा लक्षात ठेवा. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली. बार्शी लाइट १८९७ मध्ये सुरू झाली, पंढरपूरला १९०६ मध्ये, लातूरला १९११ मध्ये आणि मिरजेला १९२७ मध्ये गेली. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला जन्मली आणि बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारकडे आली. म्हणजे १९३५ च्या वाघिणीवर (मालडब्यावर) मध्य रेल्वेची अक्षरं लिहिली की सगळी मेहनत वाया. अंतराचे दगड मैलांचे हवेत, किलोमीटरचे नाहीत. विजेच्या तारा रुळांवर नाहीत, पण बाजूने टेलिग्राफचे खांब आणि त्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या चिमण्या (इन्सुलेटर) हव्यात. स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) काँक्रीटचे नकोत. तयार रूळ घेताना पाकिटावरचं चित्र नीट बघा.

आता जमीन. उजनी धरण १९८० चं. त्याआधीच्या माढा-कुर्डुवाडीत रुळाच्या दोन्ही बाजूंना ऊस दाखवलात तर जुना जाणता माणूस हसेल. गाजर गवताची आपल्याकडे पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली, तेव्हा तेही नको. सुबाभूळ त्याहून नंतरची. एप्रिलमध्ये रब्बीची ज्वारी निघून गेलेली असते, म्हणून रानं मोकळी आणि कडब्याच्या गंजी उभ्या. जानेवारी घेतलात तर ज्वारी उभी दाखवावी लागेल. दोन्ही एकत्र नको.

२. प्रमाण आणि गेज: हिशेब एकदाच करा

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एच-ओ हे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण, १:८७, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. या प्रमाणाची माणसं, गाड्या, चाकं सगळ्यात जास्त मिळतात. अडचण आपल्या ब्रॉडगेजची आहे. १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.३ मिमी. बाजारातला एच-ओ रूळ मात्र १६.५ मिमीचा, कारण तो युरोपच्या १४३५ मिमीच्या रुळावरून काढलेला. भारतीय ब्रॉडगेज त्यावर अरुंद दिसते आणि डबा अंगात जाडजूड.

नॅरोगेजला मात्र नशीब साथ देतं. बार्शी लाइटचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.८ मिमी येतात. एन गेजचा (एच-ओहून छोट्या मॉडेल गाड्यांचा) तयार रूळ ९ मिमीचा. फरक डोळ्याला कळतच नाही. याला एच-ओ-ई म्हणतात. म्हणून माझा सल्ला असा: पळणारी गाडी बार्शी लाइटची ठेवा, ९ मिमीवर. ब्रॉडगेज फक्त उभी सायडिंग म्हणून दाखवा आणि ते रूळ १९.३ मिमीवर हाताने बसवा. त्यावर काही पळवायचं नाही, त्यामुळे तयार चाकांची अडचण येत नाही आणि दोन गेजमधला खरा फरक पहिल्याच नजरेत दिसतो. होटगीची मीटरगेज करायची असेल तर १००० भागिले ८७, म्हणजे ११.५, त्याला १२ मिमीचा रूळ चालतो, पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही.

जागेचा हिशेबही इथेच उरका. या प्रमाणात एक फूट म्हणजे खरे साडेसव्वीस मीटर. तीनशे मीटरचा प्लॅटफॉर्म पूर्ण करायचा तर साडेतीन मीटर लांबी लागेल. म्हणून पूर्ण स्टेशनच्या नादी लागू नका.

३. कागद आणि मापं

हाताशी एवढं जमवा: मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरचा खंड (विसावा, १८८४ चा), ठरवलेल्या सालाजवळचं रेल्वेचं वेळापत्रक, त्या भागाची जुनी टोपोशीट (सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा), आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या कुणाकडचे घरगुती फोटो. शेवटची वस्तू सगळ्यात मोलाची. लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोत मागे पाण्याची टाकी, कठडा, दिव्याचा खांब अचूक सापडतो. फोटोत माणूस असेल तर त्याची उंची साडेपाच फूट धरून बाकीची मापं काढा. दगडी भिंत असेल तर थर मोजा; एक थर कुठेतरी प्रत्यक्ष मोजून घेतला की पूर्ण इमारतीची उंची हाती येते.

स्टेशनच्या पाटीवरचं नाव त्या सालाच्या वेळापत्रकातून घ्या. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड आणि इंग्रजीत सोलापूर तेव्हा ‘शोलापूर’ असं लिहीत.

आज उभ्या असलेल्या जुन्या इमारतींची मापं घ्यायला जाल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. रुळांवर किंवा यार्डात परवानगीविना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मी मॉडेल बनवतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

काही बनवण्यापूर्वी पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय एकदा बघून या. तिथला लेआउट मोठा आहे, पण तुम्ही एका कोपऱ्यात उभं राहून फक्त एका फुटाकडे बघा.

४. एका दृश्यात एकच काम

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. फूटभर जागेत टांगा, चहावाला, भांडणारे प्रवासी, गार्ड, कुत्रा आणि वारकरी असं सगळं कोंबलं की दृश्य मरतं. एक काम निवडा आणि बाकी सगळं त्या कामाला जोडलेलं ठेवा.

आपलं काम: माल बदली. मध्ये दगडी फलाट. एका बाजूला ब्रॉडगेजची बंद वाघीण, दुसऱ्या बाजूला नॅरोगेजची. ब्रॉडगेज डब्याची तळफळी उंच, म्हणून दारातून फलाटावर तिरपी फळी टाकलेली. चार हमाल: एक पोतं उचलणारा, एक फळीवर, एक रिकाम्या हाताने परतणारा, एक डोक्यावरची चुंबळ सारखी करणारा. एक माल बाबू, हातात वही. बस्स. परतणारा हमाल विसरू नका. तो नसला की माणसं रांगेत उभी केल्यासारखी दिसतात.

कागदावर मॉडेलच्याच मापाचा नकाशा काढा आणि बुटाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून डबे-फलाट ठेवून बघा. दोन-चार दिवस तसंच राहू द्या. रूळ फळीच्या कडेला समांतर ठेवू नका. थोडा तिरपा घेतला की तुकडा मोठा वाटतो.

५. साहित्य

बारा मिमीचं प्लायवूड, पाच मिमीचा सनबोर्ड, फेविकॉल, एम-सील, कटर आणि जादा पाती, स्टीलची पट्टी, चिमटा, डिजिटल कॅलिपर, सोल्डरिंग गन, मैद्याची चाळण, ड्रॉपर, लोहचुंबक, ॲक्रेलिक रंग, मॅट वार्निश. हे सगळं सोलापूरच्या मंगळवार पेठेत, नवी पेठेत किंवा एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. रूळ, चाकं आणि माणसांच्या आकृत्या मात्र बाहेरून मागवाव्या लागतात.

एक वस्तू सोलापूरकरांना फुकट मिळते: पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यातलं वेस्ट सूत आणि टॉवेलचे तुकडे. त्याचं काय करायचं ते पुढे येतं.

दोन सापळे. फेव्हीक्विक आणि स्प्रे पेंट थर्माकोलला खातात. थर्माकोल वापरलाच तर त्यावर फक्त फेविकॉल आणि पाण्याचे रंग. दुसरं, खेळण्यातल्या मोटारी १:६४ किंवा १:४३ च्या असतात, त्या आणू नका. आर्किटेक्टच्या सामानाच्या दुकानात १:१०० ची झाडं-माणसं स्वस्त मिळतात. ती पुढे ठेवलीत तर बुटकी दिसतील, पण मागच्या कडेला ठेवलीत तर अंतराचा भास फार छान होतो.

६. पाया आणि रूळ

प्लायवूडला खालून दोन आडव्या पट्ट्या मारा आणि दोन्ही बाजूंनी प्रायमर द्या. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड कोरडं ठणठणीत होतं आणि पावसाळ्यात फुगतं. रंग न दिलेली फळी वाकते आणि रूळही वाकवते. उन्हाळा-हिवाळ्यातल्या फरकाने धातूचा रूळही दर मीटरला अर्धा मिमीच्या आसपास वाढतो. फूटभर तुकड्यात त्याने बिघडत नाही, पण तुकडे जोडणार असाल तर सांध्यात कागद जाईल एवढी फट ठेवा.

खडी लावण्यापूर्वी गाडी पळवून बघा. नंतर दुरुस्ती म्हणजे खोदकाम. रुळांच्या बाजू गंजक्या तपकिरी रंगवा, वरचा पृष्ठभाग लगेच पुसा.

बार्शी लाइटचं इंजिन दुकानात तयार मिळेल अशी आशा नको. सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची होती, आठ जोडलेल्या चाकांची, पाणी अंगावरच्याच टाकीत. एन गेजच्या एखाद्या इंजिनाचा सांगाडा घेऊन वरचं अंग पुठ्ठ्याचं किंवा थ्रीडी प्रिंटचं करता येतं, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम. पहिल्या तुकड्यात वाघिणी पुरे.

७. जमीन: काळी माती काबूत आणणे

बाजारातली विलायती हिरवी पावडर विसरा. रानातली खरी काळी माती आणा, उन्हात वाळवा, जुन्या तव्यावर चांगली भाजा म्हणजे अळ्या-अंडी मरतील, आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा. ही पायरी टाळू नका. आपली माती बसाल्टची; तिच्यात लोहाचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात.

जशीच्या तशी माती फेविकॉलवर टाकली की ती डांबरासारखी काळी दिसते. लहान आकारात रंग नेहमी गडद वाटतो, म्हणून तिच्यात खडूची पूड आणि थोडी पिवळसर माती मिसळून फिकी करा. दुपारच्या उन्हातलं रान डोळ्यांसमोर आणा. ते करडं असतं. मिश्रण तीन बोटांच्या चिमटीने पसरा, फवाऱ्याने भिजवा (पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर पाणी गोळ्या होऊन पळतं) आणि निम्मं पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडा. हात लावू नका, रात्रभर राहू द्या.

काळ्या मातीचा एक गुण इथे कामाला येतो. ती ओली फुगते, वाळताना आकसते आणि भेगा पडतात. दोन-तीन मिमीचा थर कमी फेविकॉलमध्ये लावला तर एप्रिलच्या रानासारख्या भेगा आपोआप उमटतात. खरी भेग पाच सेंटीमीटरची धरली तर मॉडेलात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त हवी. त्याहून रुंद झाली तर कोरडी माती भरून ब्रशने झाडून टाका.

खडीचंही तसंच. रुळाखालचा दगड पाच-साडेसहा सेंटीमीटरचा, म्हणजे मॉडेलात ०.६ ते ०.७५ मिमी. क्रशरची बारीक चुरी चाळून हा आकार निघतो. पाकिटातली खडी बहुधा मोठी असते. यार्डातल्या सायडिंगला खडी कमी आणि राख-माती जास्त दाखवा.

हिरवं गवत कुठे? फक्त पाण्याच्या नळकांड्याखाली. इंजिनात पाणी भरायचा तो लोखंडी स्तंभ, त्याला लोंबणारी कातडी पिशवी, आणि खाली गळून गळून झालेला हातभर हिरवा पट्टा. कोरड्या माळावर तेवढीच हिरवळ असली की बघणाऱ्याला उन्हाळा सांगावा लागत नाही.

८. फलाट, झाडं, कडबा

फलाटाची दगडी भिंत सनबोर्डवर बोथट पेन्सिलने थर दाबून काढा, वरचा कागद आधी सोलून. करडा रंग, मग काळपट पातळ हात, मग कडांवर फिका कोरडा ब्रश. पत्र्याचं छप्पर बिस्किटाच्या पुड्यातल्या पन्हाळीच्या कागदाचं चालतं.

झाडं सगळेच लहान करतात. मोठा कडुनिंब बारा-पंधरा मीटरचा असतो, म्हणजे चौदा ते सतरा सेंटीमीटर. एकच लावा, पण पूर्ण उंचीचा. मोटार वाइंडिंगवाल्याकडची जुनी तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या करा, वर फेविकॉल-मातीचा लेप, पाल्याला स्पंज बारीक करून रंगवलेला. (स्पंजासाठी मिक्सर जुनाच घ्या, घरात शांतता हवी असेल तर.) बारीक झुडपांना तुळशीच्या वाळलेल्या काड्या उत्तम, मात्र घरात आजी असेल तर आधी विचारून घ्या.

वाळक्या गवताला टॉवेलचा तुकडा: चहाच्या पाण्यात रंगवायचा, उलट्या बाजूला फेविकॉल लावून चिकटवायचा, वरचे वेढे कात्रीने असमान कापायचे. कडब्याच्या पेंढ्यांना सुतळी. मालदांडी ज्वारीचं ताट दोन मीटरच्या वर जातं, तेव्हा सुतळीचे अडीच सेंटीमीटरचे तुकडे, मध्ये सुताचा एक वेढा, आणि अशा पेंढ्यांची गंज रचायची.

९. माल आणि माणसं

रुईची गाठ साधारण १४ × ६ × ५ मिमी. लाकडी ठोकळा, त्यावर जुन्या सुती रुमालाचा तुकडा तागासारखा रंगवून, आणि पट्ट्यांना काळा दोरा. पोती एम-सीलची, अकरा-बारा मिमी लांब. ओली असताना एकावर एक दाबा म्हणजे वजनाने बसल्यासारखी दिसतील. सुटी कडक पोती रचली की बटाट्यांचा ढीग होतो.

तयार आकृत्या बहुतेक युरोपी असतात, कोट-हॅटवाल्या. उंची एकोणीस मिमीच्या आसपास. हॅट कापा, कोटाच्या कडा घासा, धोतर आणि पटक्यासाठी टिश्यू पेपरची बारीक पट्टी पातळ फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळा. नऊवारीलाही हेच, फक्त मागचा काष्टा आधी लावायचा. रंग मळके ठेवा. हमालाचं धोतर शुभ्र नसतं. गांधी टोपी १९२० नंतरची. १९३५ मध्ये ती हवीच, १९१० च्या दृश्यात चालणार नाही. सोलापुरात १९३० च्या मार्शल लॉ मध्ये ह्या टोपीवरूनही लोकांना त्रास झाला होता, तेव्हा कुणाच्या डोक्यावर ती आहे आणि कुणाच्या नाही याचा विचार करून ठेवा. सरकारी नोकरीतल्या बाबूच्या डोक्यावर मी काळी टोपी दिली आहे.

एक गोष्ट काही जण टाळतात. त्या काळी स्टेशनांवर पिण्याचं पाणीसुद्धा हिंदू आणि मुसलमान असं वेगळं असायचं. फलाट दाखवत असाल तर दोन रांजण, दोन पाट्या दाखवा. जुना काळ म्हणून फक्त पितळी दिवे आणि चकचकीत इंजिन मांडायचं असेल तर तो इतिहास नव्हे.

भांडी-कुंडी म्हणजे पितळी कळशी, रॉकेलचे पत्र्याचे डबे, मातीचे माठ. निळी-लाल प्लॅस्टिकची बादली कुठूनतरी शिरतेच. शेवटी एकदा शोधून काढा.

सिग्नल ठेवणार असाल तर जुना हाताचा, खाली पडणारा. हात आडवा म्हणजे थांबा, पडला की निघा. माल उतरतोय म्हणजे आडवाच ठेवा.

१०. मळ, दिवे, मागचा पडदा

कोळशाची पूड, गेरू, विटेची पूड मऊ ब्रशने लावा. रांगोळीचे रंग वापरू नका. पाणी लागलं की पसरतात. वार्निश मारल्यावर मळ अर्धा नाहीसा होतो, म्हणून आधी थोडा जास्त लावा. वाघिणीचं दार, फळीची मधली पट्टी, फलाटाची कड हे हात-पाय घासून गुळगुळीत झालेले भाग फिके करा.

दिवा रॉकेलचा आहे हे विसरू नका. १२ व्होल्टला पिवळट एलईडी लावताना १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाका, उजेड कंदिलाइतका मंद पडतो.

मागचा पडदा जवळजवळ रिकामा हवा. क्षितिज सपाट, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेत, आकाश खालच्या बाजूला धुरकट पांढरं. निळाभोर रंग आणि ढग एप्रिलला शोभत नाहीत.

११. जपणूक

वर ॲक्रेलिकचं झाकण करून घ्या. सोलापूरची धूळ एका उन्हाळ्यात सगळ्या मळाचा एकच रंग करते, आणि पाली आकृत्या पाडतात. झाडताना मेकअपचा मऊ ब्रश आणि खाली हाताने धरलेला व्हॅक्युमचा पाइप, तोंडाला जाळी बांधून. नाहीतर एखादा हमाल कायमचा गायब.

पुढचा तुकडा जोडायचा असेल तर मातीचं मिश्रण बरणीत राखून ठेवा आणि कशात किती खडू घातला ते बरणीवर लिहा. फळीची जाडी, रुळाची कडेपासूनची जागा आणि क्षितिजाची उंची तिन्ही आकडे तुकड्याच्या खाली पेनने लिहून टाका.